कौसाबाईंचा नवस

माझा भाचा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला आला की जेवताना काहीतरी उकरून काढतोच. मागच्या खेपेला म्हणाला, "मावशी, यंत्रांना खरोखरची अक्कल येणार आहे बघ. जगभर लोक त्याच्या मागे लागलेत. तुला काय वाटतं, हे जमावं की फसावं?" मी म्हटलं, "आधी तो ताटातला भात संपव." तो हसला आणि मुकाट जेवला. माझी मात्र ती दुपार कामातून गेली. पोरानं सहज विचारलं होतं, पण हाच प्रश्न ज्या बाईला खरोखर पडला, आणि जिला त्याचं उत्तर देवीपुढं हात जोडून द्यावं लागलं, तिला मी ओळखत होते. कौसाबाई त्यांचं नाव.

मी बी.एस्सी. होऊन बियाण्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले तेव्हा जालन्याच्या एमआयडीसीत आजच्यासारखी गर्दी नव्हती. मस्तगडातून सायकल मारत निघायचं, वाटेत रोलिंग मिलचा धूर नाकात घ्यायचा आणि दहाच्या आत सही ठोकायची. लॅब म्हणजे दोन खोल्या. एकीत टेबलं, दुसरीत बी उगवून बघायचं उबदार कपाट. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करून कपाटात ठेवायची, ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. एवढंच काम. पण माझ्या सहीशिवाय एक पोतं फाटकाबाहेर जात नसे, त्यामुळे मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

लॅबच्या पलीकडे निवडणीचा हॉल. चाळीस बाया ओळीनं जमिनीवर बसून सुपात बी निवडायच्या. फुटका, पोचट, किडका, मेलेला दाणा बाजूला. हॉलच्या टोकाला, खिडकीकडे पाठ करून कौसाबाई बसायच्या. बुटक्या, सावळ्या, नऊवारी घट्ट नेसलेल्या. बाकीच्यांनी निवडलेलं बी त्यांच्याकडे यायचं आणि त्या त्यावरून शेवटचा हात फिरवायच्या. डोळे मिटून. अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं, बस. टप्, टप्, टप्, मेलेले दाणे डावीकडच्या वाटीत.

मी लागून महिना झाला नसेल. सूर्यफुलाचा नवा माल आला. कपाटात ठेवलेल्या शंभर दाण्यांतले बारा उगवले. मी लाल शाईनं "नापास" लिहिलं आणि अभिमानानं पेनाला टोपण लावलं. पाहते तर दारात कौसाबाई. लॅबच्या उंबऱ्याच्या आत त्या बोलावल्याशिवाय कधी आल्या नाहीत.

"बाई, ते सूर्यफूल मेलेलं न्हाई."

"बारा उगवलेत, कौसाबाई. शंभरात बारा."

"निजलंय. नवं बी हाय, निजून राह्यलंय. जल्दी करू नका."

ताज्या बियाला झोप असते हे मीही पुस्तकात वाचलं होतं, नाही असं नाही. पण ते एका हॉलमधल्या बाईनं मला सांगावं? चिडूनच मी दुसरी परीक्षा लावली. त्या परीक्षेचं एक औषध असतं. भिजवलेला दाणा उभा चिरायचा आणि त्या औषधाच्या पाण्यात अंधारात ठेवायचा. आत जीव असला तर गर लाल होतो, मेलेला पांढरा राहतो. दुपारी मी बशीवरचं झाकण काढलं. शंभर चिरलेले दाणे, आणि जवळजवळ सगळे लाल. ओले, मांसासारखे लाल. मी बोलावून घेतलेल्या कौसाबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी बशीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पात्याकडे.

"कळायसाठी चिरावं लागलं व्हय?" असं म्हणून त्या निघून गेल्या.

त्यांना कसं कळतं, हे मी नंतर हजार वेळा विचारलं असेल. एकच उत्तर मिळायचं. "मेलेला दाणा बोटाला काईच म्हनत न्हाई." जिवंत दाणा काय म्हणतो ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगता येत नसावं.

हॉलमध्ये त्यांचा धाक होता, पण आवाज कधी चढला नाही. सकाळी आलेल्या बायांकडे एकदा बघायच्या. कोणी घरून भांडून आली असेल तर तिला सूप मिळायचं नाही. "आज तुझ्या हाताला राग हाय. झाडू घे." आणि ती बाई मुकाट्यानं दिवसभर झाडायची. बी कधी ओलांडायच्या नाहीत, आणि दुसऱ्या कोणी ओलांडलं तर जिभेनं चक् करायच्या. हॉलमध्ये येण्याआधी त्या बरीच वर्षं औषध लावायच्या खात्यात होत्या. तिथं ती गुलाबी विषारी पावडर ड्रममधल्या बियात उघड्या हातानं कालवायची. त्या काळात हातमोजे कोणी बघितले होते? कौसाबाईंच्या नखांच्या कडेला तो गुलाबी रंग कायमचा बसलेला होता.

मालकाला त्यांचं फार कौतुक. बाहेरचा पाहुणा आला की हॉलमध्ये आणायचा. मूठभर बी भट्टीत तापवून मारायचं, जिवंत बियात मिसळायचं आणि कौसाबाईंपुढं ठेवायचं. त्या पाच मिनिटांत वेगळं करायच्या, पाहुणा टाळ्या वाजवायचा. पाहुणा गेला की त्या मेलेल्या दाण्यांची वाटी स्वतः उचलून बाहेर नेऊन मातीत ओतायच्या. "वळखाया म्हनून जीव घेतेत मेले," एकदा पुटपुटताना मी ऐकलं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग ते यंत्र आलं.

त्याच्याबरोबर पुण्याचा एक इंजिनियर आला, अभ्यंकर नावाचा. तिशीतला, सभ्य, कौसाबाईंना पहिल्या दिवसापासून मावशी म्हणणारा. यंत्र म्हणजे एक उंच कपाट, त्यात कॅमेरा, कॅमेऱ्याखाली पत्र्याची एक पातळ पट्टी. सरकीचा एक एक दाणा त्या पट्टीवर पडायचा. कॅमेरा त्याचं चित्र घ्यायचा, पट्टी त्याच्या पडण्याचा आवाज टिपायची. शेजारी कॉम्प्युटर.

"ह्याला नियम सांगायचे नाहीत," अभ्यंकर मला म्हणाला. "नियम मावशींनाही सांगता येत नाहीत ना? त्या फक्त प्रत्येक दाणा हातात घेऊन सांगतील, जिवंत की मेलेला. हिरवं बटण, लाल बटण. बघून बघून हे आपोआप शिकेल."

"आणि शिकलं की?"

"मग चोवीस तास काम करेल," तो आनंदानं म्हणाला. त्याला खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं.

हॉलमधल्या बायांनी यंत्राचं नाव पाव्हणा ठेवलं. "काय गं, पाव्हणा जेवला का? पाव्हणा जानार कवा?" अशी थट्टा चालायची. कौसाबाई रोज सकाळी तीन तास पाव्हण्यापुढं बसायच्या. दाणा बोटांत धरायचा, बटण दाबायचं, दाणा पट्टीवर सोडायचा. सुरुवातीला ते यंत्र अगदी ठोंब्या होतं. शंभरातले चाळीस चुकायचं. कौसाबाईंना त्याची कीव यायची. "व्हईल, व्हईल," म्हणायच्या. हळूहळू चाळीसाचे वीस झाले, विसाचे दहा.

एका सकाळी अभ्यंकरनं पडद्यावर एक चित्र आणलं आणि आम्हा दोघींना बोलावलं. "मावशी, तुम्ही आजवर जिवंत म्हटलेले सगळे दाणे एकावर एक ठेवले तर असा दाणा दिसतो."

काळ्या पडद्यावर एक धुरकट दाणा होता. त्याला कडा अशी नव्हतीच. मधे गडद, बाहेर विरत गेलेला. हजारो दाण्यांचा एक दाणा. कौसाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पदर सावरून खांद्यावर घेतला, परपुरुष दिसल्यावर घेतात तसा.

"हे बी कुठलं?"

"कुठलंच नाही, मावशी. असं बी नाहीच."

"मंग हे माझ्याकडं बगून का राह्यलंय?"

अभ्यंकर हसला. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी त्या खोलीत एकटी थांबायचं टाळू लागले. हसायचं तर हसा.

हॉलमध्ये सोजराबाई म्हणून एक होती. कौसाबाईंच्याच गल्लीतली, तोंडानं फटकळ. तिच्या नवऱ्याचा पाय रोलिंग मिलमध्ये भाजला होता, तेव्हापासून तो घरी. सहा जणांचं पोट तिच्या सुपावर होतं. पाव्हण्याची थट्टा सगळ्यांत आधी तिनं बंद केली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती कौसाबाईंपुढं येऊन बसली, बाकीच्या बाया मागं उभ्या राहिल्या. मी दारात होते.

"कौसे, ते शिकलं की आपन समद्या घरी. कळून राह्यलंय ना तुला?"

"कळतंय."

"मंग उलटं शिकव. जास्त न्हाई. दहा बराबर सांग, एक उलटं सांग. तुला कोन इच्यारनारंय? बिघडलं म्हंजी पाव्हणा जाईल आपल्या गावाला."

कौसाबाईंनी उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवली. आठ दिवस त्यांनी काही केलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी एका मेलेल्या दाण्याला हिरवं बटण दाबलं. मी शेजारीच उभी होते, दाणा पिचका होता, मलासुद्धा दिसत होता. मी काही बोलले नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. ते फसावं असंच मला तेव्हा वाटत होतं.

पंधरा दिवस हे चाललं. मग अभ्यंकरनं यंत्राची परीक्षा घेतली. कौसाबाईंनी निवडलेलंच बी पुन्हा घातलं आणि आम्हाला बघायला बोलावलं. दाणे टिक् टिक् पडत होते. मेलेला आला की बाजूनं हवेची फट् अशी फुंकर यायची आणि तो उडून डाव्या डब्यात. कौसाबाईंनी खोटं हिरवं बटण दाबलेले ते पिचके दाणे एक एक करून आले. फट्. फट्. फट्. एकही उजवीकडे गेला नाही.

"मधे मधे तुमचा हात चुकला होता मावशी," अभ्यंकर खुशीत म्हणाला, "पण त्यानं सांभाळून घेतलं बघा."

कौसाबाई लॅबमध्ये आल्या. न बोलावता, उंबरा ओलांडून. मी पाणी दिलं. तांब्या दोन्ही हातांनी धरून त्या ते सगळं प्यायल्या.

"बाई, म्या खोटं सांगितलं त्याला. मुद्दाम. त्यानं ऐकून घेतलं आन् मानलं न्हाई."

मी काहीतरी शास्त्र सांगायला गेले. दहा खऱ्यांत एक खोटं बुडून जातं, त्यात काही नवल नाही, वगैरे. त्यांनी मान हलवली.

"माझं लेकरूसुदिक मी खोटं बोलले तर फसतंय. ह्ये फसलं न्हाई. आता ह्याच्याशी खोटं बोलून काय उपेग, त्याला ठावं हाय."

त्यानंतर त्यांनी एकही बटण मुद्दाम चुकीचं दाबलं नाही. सोजराबाईला तसं सांगूनही टाकलं. तेव्हापासून सोजराबाई त्यांच्याशी धड बोलेनाशी झाली.

निवडणीचा हंगाम भर उन्हाळ्यात संपतो. यंत्र घेऊन पुण्याला परत जाण्याआधी अभ्यंकर माझ्याकडे एक लांबलचक कागदाची पट्टी ठेवून गेला. जिथं जिथं यंत्राचं आणि कौसाबाईंचं जुळलं नाही, तिथं तारखेपुढं फुली. "मधे एक पंधरवडा फुल्या आहेत, मग बंद झाल्यात. आणि शेवटी शेवटी पुन्हा सुरू झाल्यात, वाढत गेल्यात. उन्हामुळं थकल्या असतील," तो म्हणाला. मधला पंधरवडा कसला ते मला ठाऊक होतं. शेवटच्या फुल्यांकडे मी बघितलंसुद्धा नाही. कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

पेरण्या झाल्या. आषाढात कौसाबाई माहेरी वडीगोद्रीला गेल्या, भावाकडे. चार दिवसांनी परत आल्या त्या थेट लॅबमध्ये.

"भावाच्या वावरात नांग्या पडल्यात, बाई." पेरलेल्या ओळीत बी न उगवून मधे मधे मोकळ्या जागा राहतात, त्यांना नांग्या म्हणतात. "आपलंच बी. शेवटच्या टायमाचं, माझ्या हाताखालून गेलेलं. म्या बसून उकरून बगितलं. समदं मेलेलं. मेलेलंच पेरलंवतं त्यानं."

"एखादं पोतं जातं कौसाबाई, इकडचं तिकडं."

"न्हाई." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. "ते कुजकं बी म्या ह्या बोटांनी उचललं. डोळ्याला दिसत व्हतं मेलेलं हाय म्हनून. बोटाला काई कळलं न्हाई. मंग चांगलं बी उचललं. तेबी काई म्हनलं न्हाई. ही दोन बोटं गेली, बाई. बधिर. लाकूड झालीत."

कशानं गेली ते डॉक्टरनं कधी नक्की सांगितलं नाही. साखरेनं असेल म्हणाला, औषधाच्या पावडरीनं असेल म्हणाला. पण ते नंतर. त्या क्षणी मला एकदम आठवलं आणि मी ड्रॉवर उघडून तो कागद काढला. शेवटच्या फुल्या. पहिली चैत्राच्या सुरुवातीला. मग दोन, मग पाच, मग रोज पंधरा-वीस. खाली खाली दाट होत गेलेल्या. ते यंत्र चैत्रापासून सांगत होतं, की ह्या बाईची बोटं मरत चालली आहेत. आम्ही कोणी ऐकलं नव्हतं.

"काय हाय त्याच्यात?" कौसाबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार.

मी फुल्यांवर बोट ठेवून सगळं खरं सांगितलं.

"कवा कळलं त्याला?"

"चैत्रात."

"मला आषाढात," त्या म्हणाल्या. स्वतःच्याच हाताकडे त्या दुसऱ्या कोणाचा असल्यासारख्या बघत होत्या. "माझी बोटं, आन् मला मागून कळलं."

मी म्हटलं, मालकाला सांगून टाका. त्यांनी हात टेबलावरून उचलून पदरात घेतला.

"सांगितलं तर हॉल बंद. चाळीस बाया. सोजराचं घर तर उघड्यावर येतंय. न्हाई सांगितलं तर कितीक वावरं जातेल माझ्या हातून, त्याला गिनती हाय का? माझ्या जागी बसंल अशी एकबी न्हाई आपल्यात. तुमी शिकलेल्या हायेत बाई, तुमी सांगा. ते मशीन चालावं म्हनू मी, का बंद पडावं म्हनू?"

मी शिकलेली होते, तरी एवढंच म्हटलं, की मी कोणाला बोलणार नाही. ते मात्र पाळलं.

नवरात्रात हॉलमधल्या बाया टेम्पो करून अंबडच्या देवीला गेल्या. मलाही ओढून नेलं. गर्दीत रेटारेटी करत आम्ही देवीपुढं पोचलो, आणि सोजराबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "आई, ते मशीन बंद पाड. समद्या मिळून तुला साडी नेसवू." बाकीच्यांनी हात जोडले. कौसाबाईही डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. पुजारी "चला, चला, पुढं चला" करत होता तरी हलल्या नाहीत. बाहेर आल्यावर सोजराबाईनं त्यांना हाताशी धरून उसाचा रस पाजला. इतक्या महिन्यांनी दोघी धड बोलत होत्या.

पौषात अभ्यंकर यंत्र घेऊन परत आला. बायांनी मालकापुढं ठाण मांडलं. मालक काही वाईट माणूस नव्हता. त्यानं शब्द दिला, की एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे. एका पोत्यात जिवंत-मेलेलं बी मिसळायचं, कौसाबाईंनी शंभर जिवंत दाणे काढायचे, यंत्रानं शंभर काढायचे, आणि लॅबनं उगवून बघायचं. कौसाबाई जिंकल्या तर यंत्र पुण्याला परत. बायांनी जल्लोष केला. कौसाबाई हरतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

मी कौसाबाईंकडे बघत होते. डोळे मिटून बसायची सवय, पण त्या दिवशी त्यांनी डोळे उघडे ठेवले. प्रत्येक दाणा उजेडात धरून बघितला. पूर्वी पाच मिनिटांत व्हायचं त्याला तास लागला. बायांना वाटलं, मोठी परीक्षा आहे म्हणून सावकाश चाललंय.

सरकीचा शेवटचा मोजणीचा दिवस बारावा. ते बारा दिवस मला अजून आठवतात. हॉलमधलं बोलणं बंद झालं. चाळीस बाया आणि फक्त सुपांची सळसळ. येता-जाता सगळ्यांची नजर लॅबच्या दाराकडे. कपाटात दोन गुंडाळ्या उभ्या, एकीवर "क", दुसरीवर "य". दार उघडलं की उबदार दमट वास यायचा, आणि मला उगाच वाटायचं की आत कोणीतरी जागं आहे.

सातव्या दिवशी सोजराबाई आली. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या हातात हाय. चिठ्ठ्याच बदलायच्या. कोनाला कळंल?" तिला कौसाबाईंच्या बोटांचं काही माहीत नव्हतं, तिला फक्त धास्ती होती. ती गेल्यावर मी दोन्ही चिठ्ठ्या काढल्या. होय, काढल्या. हातात घेऊन उभी राहिले. मागं चाहूल लागली. कौसाबाई दारात.

"बाई, ज्येची त्येला लावा," एवढंच म्हणाल्या आणि मी लावेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

बाराव्या दिवशी मालक, अभ्यंकर आणि बाया, सगळ्यांसमोर मी गुंडाळ्या उघडल्या. "य"मध्ये चार दाणे उगवले नव्हते. "क"मध्ये एकतीस. पांढऱ्या मुळ्यांच्या ओळीत काळे, बुळबुळीत, कुजलेले एकतीस दाणे. वास सुटला होता. अभ्यंकरनंसुद्धा मान खाली घातली. बाया एक एक करून हॉलमध्ये परत गेल्या आणि सुपं घेऊन बसल्या. हॉल हंगामाअखेर बंद करायचा असं ठरलं.

कौसाबाई दुसऱ्या दिवसापासून कामावर आल्या नाहीत. मंगळवारी सकाळी त्या मस्तगडात आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी. "अंबडला जाते. संगं येता का?" मला वाटलं, बिचारीला देवीपुढं रडून घ्यायचं असेल. मी रजेचा अर्ज धाडला आणि निघाले. एसटीत त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. मी बोलायचा प्रयत्न केला, त्यांनी हूं हूं केलं. त्या नंतर वडीगोद्रीलाच राहायला गेल्या, आणि माझी त्यांची पुन्हा गाठ पडली नाही. तो एक दिवस, तेवढाच.

टेकडीच्या पायऱ्या चढून आम्ही वर गेलो. गर्दी नव्हती. कौसाबाईंनी पिशवीतून नारळ काढला, खण काढला, आणि एक हिरवीगार कोरी साडी काढली. पुजाऱ्यानं विचारलं, "नवस बोलायचाय का फेडायचाय, बाई?"

"फेडायचाय."

मागं कोणीतरी श्वास ओढल्याचा आवाज आला. वळून बघते तर सोजराबाई आणि हॉलमधल्या आणखी दोघी. देवीला जाब विचारायला आल्या होत्या, साडी कबूल करूनही तू हे काय केलंस म्हणून. सोजराबाईची नजर त्या हिरव्या साडीवर होती. मागितलं ते मिळालं तरच नवस फेडतात, हे काय तिला सांगायला हवं होतं?

पुजाऱ्यानं ओटी घेतली, कुंकू लावलं. आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो, त्याही मागोमाग आल्या.

"काय मागितलंवतं गं तू?" सोजराबाईचा आवाज चिरका झाला होता. "आमी समद्या हात जोडून उभ्या व्हतो, आन् तू काय मागत व्हतीस?"

"तुला कळलंय ते."

"ते मशीन जिंकू दे म्हनून? आमच्या पोटावर? कौसे, माझ्या लेकरांच्या पोटावर?"

तिनं झडप घालून कौसाबाईंचा उजवा हात धरला. मला वाटलं, आता पायऱ्यांवरून ढकलते. तिनं त्यांचं बोट पकडलं आणि पेरात अंगठ्याचं नख रुतवलं, दात-ओठ खाऊन, सगळा जीव लावून. नखाखालून रक्त आलं.

कौसाबाई तिच्या तोंडाकडेच बघत होत्या. "मार मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "मार, पर ऐक. माझ्या भावाचं वावर गेलं. माझ्या हातून मेलेलं बी जाऊन राह्यलंवतं, सोजरा. मला वाटलं, आपलं जाऊ दे, पर..."

त्या बोलतच होत्या. रक्ताची धार मनगटापर्यंत आली. हात त्यांनी ओढला नाही, चेहऱ्यावर काही नाही, आवाज कापला नाही. सोजराबाईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग बोटाकडे, मग पुन्हा तोंडाकडे. तिनं नख काढलं.

"कौसे," ती म्हणाली, "तुला दुखून न्हाई राह्यलं?"

"काय?" असं म्हणून कौसाबाईंनी खाली बघितलं. हात वर उचलून उजेडात धरला आणि नवल वाटल्यासारखं विचारलं, "आगं बया, हे कवा लागलं?"

सोजराबाई मटकन पायरीवर बसली. तिनं आपल्या पदराचा काठ दातांनी फाडला आणि त्यांचं बोट बांधायला घेतलं.